न मागितलेली माफी

आणि मले विचाराचं नव्हतं का तुमाले, बाबा? धान काय तुमच्या एकट्याचं होतं? रोवणीच्या चिखलानं मायच्या पायाची बोटं सडली होती, कापणीत मी शाळा बुडवून भारे वाहिले होते. तरी तुमी रविवारच्या प्रार्थनेत उभे राहिले, डोळे मिटले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझं पुंजणं माझ्या भावानं जाळलं. आमच्या घरानं त्याले माफ केलं." आमच्या घरानं. त्या घरात मीही होतो. तुमच्या बाजूलेच चटईवर बसलो होतो, अन् माझ्या वाट्याची माफीही तुमीच देऊन मोकळे झाले. तेव्हापासून मी तुमच्याशी भांडून राहिलो. तुमाले माती देऊनही बरीच वर्षं झाली, तरी ते काही मिटलं नाही.

मले पुंजणं जळलं तो दिवस आत्ता समोर दिसते. आपण तिघं प्रार्थनेहून परत येऊन राहिलो. तुमी सायकल हातात धरून चालता, माय मागून गाणं गुणगुणते, अन् तलावाच्या पाळीवर चढल्यावर धूर दिसते. अख्ख्या सालाचं धान, कापून रचलेलं, मळणी व्हायची बाकी, ते पुंजणं पेटून राहिलं. आत दाणे फुटून राहिले, भट्टीत लाह्या फुटाव्या तसे. आधल्याच दिवशी काका कोहमारा फाट्यावरच्या पानठेल्यावर हसून सांगत होता, यंदा भाऊच्या घरी लाह्याच लाह्या. तुमी दारू सोडली, देवीच्या जत्रेची वर्गणी देणं बंद केलं, प्रार्थनेले जाऊ लागले, तेव्हापासून तो तुमच्यावर खार खाऊन होता. मी विळा घेऊन त्याच्या घराकडे निघालो, तं तुमी धरून अशी थापड मारली की माझा कान बंद झाला. जन्मात एकदाच मारलं तुमी मले, अन् तेही त्याच्यासाठी. त्या साली घरात विकत घेतलेला तांदूळ शिजला आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच.

इथं हैदराबादेत मी सेंट्रिंगचं काम करतो. प्लेटा लावतो, स्लॅब भरून सुकला की काढतो, मंग वरचा मजला. पगार झाला की रूममधले पोट्टे बाटली आणतात. मले पास्टर म्हणतात, चकणा तं खा म्हणतात, अन् हसत हसत ग्लासही पुढे सरकवतात. एकदा सुपरवायझर म्हणाला, सळई भंगारवाल्याले देऊ, तुहाही वाटा राहीन. मी नाही म्हटलं, तं त्यानं मले ऐन उन्हाळ्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकलं. मी मिस्त्री झालो त्या दिवशी सगळ्यांले बिर्याणी खाऊ घातली अन् मंग एकटाच चर्चमधी जाऊन बसलो. तिथं सारं तेलुगूत चालते. मले आमेन तेवढं समजते. तरी जातो. हे तुमाले खूश कराले सांगत नाही. दारूले नाही म्हणता येते, चोरीले नाही म्हणता येते, स्टेशनमागच्या त्या गल्लीलेही नाही म्हणता येते. फक्त एका गोष्टीले नाही म्हणणं जमत नव्हतं. प्रार्थनेत डोळे मिटले की काकाचं पुंजणं पेटते. अन् मस्त वाटते, बाबा.

यंदा दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेले गावात गेलो. मंडईच्या दुपारी सारं गाव दंडारीचं नाटक पाहाले जाते, धानाच्या बांधीत कोणी राहत नाही. ते धरूनच सुट्टी घेतली होती. खिशात माचीस होती. काकाचं पुंजणं तलावाखालच्या बांधीत उभं होतं, आपलं होतं त्यापेक्षा मोठं. मी पाळीवरून उतरलो, तं त्याच्या सावलीत काकी बसून होती. डब्यातला भात खाऊन राहिली. मले पाहून उठली नाही.

"मंडई सोडून इकडे कुठं, बाबू?"

मी म्हटलं, असाच आलो.

"असाच कोनी येते का? जाळाले आला." तिनं आणखी एक घास घेतला. "दर साली मंडईले माही बैठक इथंच असते. मले माहीत होतं, तू एक दिवस येशीन."

 मंग तिनंच सांगितलं, काकाचा पाय शुगरनं सडला आहे, अंगठा कापून झाला, आता पंजा कापावा लागन असं गोंदियाच्या डॉक्टरनं म्हटलं. मले आनंद झाला, खोटं काऊन बोलू. मी तिच्या तोंडावर म्हटलं, बरं झालं. त्यानं आमचा सालभराचा भात जाळला अन् माझ्या बाबानं त्याले फुकटात सोडून दिलं.

काकी हसली.

"सोडलं? बाबू, यायनं, तुह्या काकानं, तं कबूलच केलं नव्हतं. कोनी पाह्यलं नव्हतं, पोलीस आले नव्हते. चार दिवस 'मी नाई, मी नाई' म्हटलं असतं अन् गाव विसरून गेलं असतं. तुह्या बाबानं माफ केलं अन् जाळणारा म्हणून यायचं नाव लागलं. तवापासून हा मानूस पानठेल्यावर उभा राह्यला नाई. तुहा बाप गेला, तं घरात भिंतीकडे तोंड करून रडला, पन मातीले यायची हिंमत झाली नाई. तू माचिसनं काय जाळशीन? तुह्या बाबानं जाळून ठेवलं सारं."

मी तिच्या बाजूले बसलो. तिनं डबा पुढे केला. मी नाही म्हटलं. मंग थोड्या वेळानं खाल्लं.

तुमाले हे माहीत होतं का, बाबा? डोळे मिटून उभे होते तेव्हा भावाचं नाव मुद्दाम घेतलं का तुमी? मी तं इतकी वर्षं तुमाले भित्रा समजून राहिलो. माहीत असून केलं असन, तं तुमी माझ्यापेक्षा पक्के निघाले, एक काडी न ओढता. अन् माहीत नसून केलं असन, तं ती माफी खरीच होती, अन् तशी माफी माझ्यानं होत नाही. यातलं कोणतं खरं निघालेलं मले आवडन, ते मी चर्चमधीही कोणाले सांगू शकत नाही. तुमाले सांगतो. पहिलं, माहीत असून केलेलं.

इथं परत आल्यावर मीच काकीले फोन केला. म्हणाली, ऑपरेशन ठरलं आहे, कर्ज पाहून राहिलो. मी म्हटलं, पैसे पाठवतो, पण तुह्या नंबरवर नाही, काकाच्या. त्याच्या मोबाईलवर माझं नाव येऊ दे. त्याले वाचू दे, अन् मंग त्या पैशानं पाय कापून घेऊ दे. काकी म्हणाली, "बापावर गेला." पास्टरले विचारलं असतं तं तो याले प्रेम म्हणला असता. मी म्हणत नाही. मी ते नाव त्याच्या छातीवर धोंड्यासारखं ठेवाले पाठवून राहिलो.

हा कागद मायले दाखवाचा नाही, कुठं टाकाचाही नाही. फक्त एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. नाव दाखवाले पाच हजारच पुरले असते, तेवढेच ठरवले होते. वरचे कायले टाकले ते मलेच समजलं नाही. आठ हजार पाठवून राहिलो.