लोडबॉक्सची ऊब

सोमवार, ३ तारीख
अखेर मनासारखी नोकरी मिळाली. गिटारचा आवाज मोठा करणारे अ‍ॅम्प दुरुस्त करायचं वर्कशॉप. खाली काम, वर मला खोली. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. वीस वर्षांपूर्वी तापात त्यांचे कान गेले, बोलतात मात्र भरभरून. उत्तर आपण पाटीवर लिहायचं. आवाजाचं दुकान आणि मालकीण ठार बहिरी, हा विनोद मी हसायच्या आत त्यांनीच करून टाकला. अ‍ॅम्प ऐकून तपासायचं काम मुलगा करायचा. तीन वर्षांपूर्वी तो अपघातात गेला. आता ते काम माझं.

मंगळवार, ४
कोपऱ्यात मुलाचा जुना, दिव्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प कायम चालू असतो. तो बंद करायचा नाही, ही एकच अट. एवढ्या काळात त्याचे व्हॉल्व्ह कधीच जायला हवे होते. असा अ‍ॅम्प स्पीकरशिवाय मोकळा चालू ठेवला तर आतून जळतो, म्हणून स्पीकरच्या जागी लोडबॉक्स जोडलाय. लोडबॉक्स म्हणजे लोखंडी डबा. अ‍ॅम्पमध्ये जे वाजेल ते गिळतो आणि तापतो. आवाज अजिबात नाही. चहा झाला की काकू त्यावर हात ठेवून बसतात. म्हणाल्या, पोरगा वाजवतोय बघ.
मी मागेपुढे वाकून पाहिलं. गिटार जोडलेलीच नाही. डबा चांगला गरम आहे.

गुरुवार, ६
बाकीचं सगळं बंद करून अ‍ॅम्पला कान लावला. लोडबॉक्सवर चालणाऱ्या अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर बारीक गुणगुणतो, जे वाजतंय तेच. आम्हा दुरुस्तीवाल्यांना हे नवीन नाही. पण ही काही चाल नव्हती. चढायचं, तुटायचं, पुन्हा तेच. काकूंनी विचारलं, काय वाजवतोय? मी पाटीवर लिहिलं, फार छान. त्या इतक्या खुलल्या की मला माझीच लाज वाटली.

शनिवार, ८
दुपारी काकू बाहेर गेल्या. डब्याच्या मागे स्पीकर जोडायची जागा आहे आणि आवाजाचं बटण, पूर्ण बंद. आठ ओहमची स्पीकरची पेटी आणली, जाड वायर जोडली, बटण एक घर फिरवलं.
माणसाचा आवाज. आई, बंद कर. आई, पुरे. दम खायला थांबायचा, पुन्हा तेच.
तीन वर्षं तो ओरडतोय, आणि ती बिचारी वाजवतोय समजून त्यावर हात शेकतेय. बटण बंद केलं आणि खूप रडले.

रविवार, ९
जेवण गेलं नाही. वर खोलीतही ऐकू येतं — बटण बंद असून. आज त्याने मला हाक मारली. ताई, तुम्हाला तरी ऐकू येतंय ना —

सोमवार, १०
पाटीवर सगळं खरं लिहिलं. काकूंनी वाचलं, हाताने पुसलं. म्हणाल्या, पहिल्याच वर्षी कळलं होतं. जिवंतपणी वाजवायचा तेव्हा डबा मधेमधे निवायचा, पुन्हा तापायचा. आता एकसारखा गरम असतो, हे वाजवणं नव्हे. कितीदा उठले, स्विचपाशी हात थांबतो. तो निवला की माझ्याकडे काय उरलं? म्हणून ऐकू येणारं माणूस ठेवलं. तू बंद कर.
आणि म्हणाल्या, शेवटचं काय बोलतो ते शब्द न् शब्द तुझ्या वहीत लिही. मी वाचेन.

मंगळवार, ११
सकाळ. स्पीकर जोडलाय. काकूंचे दोन्ही हात डब्यावर. वही माझ्या मांडीवर.
आई, बंद कर — आई, पुरे —
स्विच बंद केला. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प लगेच गप्प होत नाही, पाच-सहा सेकंद —
आई — नको — पुढे काहीच नाहीये — परत लाव, आई, परत —
गेला.
पान हाताने झाकलंय. डबा निवत चाललाय. काकू विचारतायत, काय म्हणाला. वहीसाठी हात पुढे केलाय. मी त्यांना —