काचेवरचं दहिवर

१४ एप्रिल १९८३
आज लॅबमध्ये चक्कर येऊन पडले. नशीब, द्रव नायट्रोजनचा थर्मास हातात नव्हता. वर पत्रा, पंख्याची हवाही भट्टीतली. सरांनी स्वतः पाणी पाजलं, नवऱ्याला, प्रभाकरला, ऑफिसात फोन करून बोलावून घेतलं. आला तो घाबराघुबरा. घरी सासूबाई: "काय गोठवून राहिली वं तिथं? सोताच वितळून राहिली तू तं!" बैलाचं वीर्य गोठवतो, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. हिंमत होत नाही.

१७ एप्रिल
रविवार, पडून. छताकडे बघत सरांचाच विचार. लग्न झालेली बाई टिकणार नाही, असं डिपार्टमेंटमध्ये सगळे म्हणत होते, तरी सरांनी ही संशोधन सहायकाची जागा मलाच दिली. आमची 'डबी' म्हणजे इतवारी बाजारातल्या कासाराकडून करून घेतलेली पितळी डबी, वर-खाली काच. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, नायट्रोजनची गार वाफ तिच्यातून खेळवायची आणि पेशी गोठताना डोळ्यांनी बघायची. गोठवलेलं वीर्य निम्मं मरतं, ते का, हे गुरांच्या डॉक्टरांना हवंय. असलं यंत्र परदेशातून आपल्याला कोण देतो! अनुदान जूनअखेर संपतं. त्याआधी दिल्लीचे तज्ज्ञ येऊन बघणार. त्यांना दिसलं तर आणखी तीन वर्षं. नाही तर मी घरी.

२० एप्रिल
काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, घरचा कूलर सायकलरिक्षावर पाठवला. त्यांचा एकुलता एक. सोबत निरोप, "पोरगी पडली म्हणे, मले काही गरमी होत नाही." सर दुसरीकडेच बघत होते. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास लॅबभर. थोडी रडले. बरं वाटलं.

२ मे
डबी बसवली. उणे वीसच्या खाली गेलं की काचेवर दहिवर. पांढरंफटक. आत काय चाललंय, देव जाणे. सर म्हणतात जोडातून हवा शिरते. उघडली, मेण लावलं, पुन्हा तेच.

९ मे
नवं रबर. पुन्हा तेच. सर म्हणाले, "कदाचित माझी कल्पनाच चुकली असेल." असं ते कधी बोलत नाहीत. मला राग आला, कोणावर ते कळेना. डबीवर काढला. झाकण आपटलं. मग माफी मागितली. (डबीची.)

१३ मे
लाईट गेली. नायट्रोजन ओतून झालेला, वाया घालवणं जिवावर आलं, म्हणून सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीच्या उजेडाकडे फिरवला आणि नुसती बघत बसले. थोड्या वेळाने काच आपोआप स्वच्छ! बर्फ पेशींच्या मधून सरकत आला, पेशी आक्रसत गेल्या, एकेक. श्वास घ्यायचा विसरले. मग लाईट आली, कूलर गुरगुरायला लागला आणि माझ्या डोळ्यांदेखत काच पांढरी.

कूलरकडे बघत राहिले. ओली हवा! आम्ही दोघंही भौतिकशास्त्रवाले, रोज त्याच्यासमोर मजेत बसून जोड तपासत होतो. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

१४ मे
सांगायचं कसं? सरांच्या घरात माणसं उकडून निघताहेत माझ्यासाठी, आणि मी म्हणू की हा कूलरच नडला?

१६ मे
सांगितलं. सरांनी कूलरकडे पाहिलं. मग, "म्हणजे दहिवर माझ्या घरून आलं होतं तर." आणि हसले! उठून स्वतः प्लग काढला. दारात थांबून म्हणाले, "आमच्या घरी नका सांगू हं."

आता पंचेचाळीसच्या वर तापतंय. सर मला एकटीला आत बसू देत नाहीत. आळीपाळीने बाहेर जिन्यात जाऊन काकूंचं पन्हं पितो. चक्कर नाही. काच स्वच्छ. किती दिवसांनी पोटभर जेवले.

४ जून
तज्ज्ञ आले आणि नेमकं आजच आभाळ. हवा दमट. आल्या आल्या घाम पुसत, "कूलर है, तो बंद क्यों?" सर म्हणाले, "चालू किया तो साहब, सिर्फ बर्फ दिखेगी." तज्ज्ञांनी टाय काढला, बसले. काचेच्या कडेने पांढरं चढायला लागलं. सरांनी नायट्रोजनच्या वाफेची दुसरी नळी उचलून काचेवर धरली, त्या कोरड्या वाफेने काच निवळली. तज्ज्ञ डोळा लावून बसले ते बसलेच. "अरे, ये तो सिकुड़ रहा है!"

जाताना फक्त, "रिपोर्ट भेजूँगा." चेहऱ्यावरून काही कळेना.

२१ जून
पाऊस लागला. आता ऑक्टोबरपर्यंत त्या नळीनेही काच निवळायची नाही. दिल्लीचं पत्र नाही. आवराआवर म्हणून कूलर रिक्षात घालून सरांकडे गेले. काकूंनी फाटकातच अडवलं.

"हा काहून आणला वं? यानंच तुमचं काम अडवलं होतं नं?"

"सरांनी सांगितलं?"

"ते काय सांगतात! तोंड पाहूनच समजते मले. दिला तो दिला. पुढच्या उन्हाळ्यात डबीपाशी नको लावू. व्हरांड्यात लाव, काम झालं की दोघं बसत जा तिथं."

"आणि पत्र आलंच नाही तर, काकू?"

"तं तुह्या घरी ने. तुहाच आहे तो."

पायाच पडले, भर रस्त्यात. असं माणूस मिळायला काय केलं होतं मी, कळत नाही. रिक्षावाला ताटकळला होता. म्हणाला, "कुठं नेऊ बाई आता याले?"

माझं घर तिथून जवळ होतं. मी म्हटलं, डिपार्टमेंटला चल.