भिंतीवरचा रंग

नागपूर, मंगळवार

चि. शामला हिस ताईचा आशीर्वाद.

फोन केला नाही, कारण आई शेजारीच असते. ती वेळेवर जेवते, काळजी नको. डोळ्यांनी मात्र आता काहीच दिसत नाही.

पणजोबांची शंभर वर्षांपूर्वीची मोरपंखी काचेची फुलदाणी तिने माझ्याकडे राहायला येताना हट्टाने सोबत आणली. तिच्यातून ऊन आलं की भिंतीवर रंग पडायचे. खिडकीत ठेवताना ती माझ्या हातून फुटली. आईला सांगितलं नाही. रोज सकाळी ती विचारते, "आज भिंतीवर कोणता रंग पडला वं?" मी कधी निळा सांगते, कधी जांभळा.

काल म्हणाली, "तुले खोटं बोलता येत नाही पोरी. पण सांगत राय."

मुलांच्या परीक्षा संपल्या का? रविवारी ये. रडायचं नाही. तिने विचारलं की हिरवा सांगायचा. तो मी तुझ्यासाठी ठेवला आहे.

तुझी,
ताई