आईच्या गुडघ्याची चौकशी

बाबा, तुमचे साहेब काल भेटले. निवडणूक हरल्यापासून ते कंपन्यांना सल्ले देत फिरतात म्हणे. काल आमच्या अॅमस्टरडॅमच्या ऑफिसात भाषणाला आले होते. केस पांढरे झालेत, पण समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवायची सवय तीच. मी तुमचं नाव सांगितलं. क्षणभर डोळे कोरे. आणि मग एकदम, "अरे वा, तू त्यांची मुलगी! आईचा गुडघा कसा आहे आता?"

मला हसू आलं आणि रागही आला. हा प्रश्न तर आपल्या इंग्लंडमधल्या स्वयंपाकघरातला. साहेब पहिल्यांदाच निवडणुकीला उभे राहिले होते आणि आपल्या लोकांच्या दारोदार तुम्हीच त्यांना फिरवत होता. आई पोहे परततेय, साहेब ओट्याला टेकलेत आणि तुम्ही शिकवताय: नाव विसरलात तरी चालेल, म्हातारीला तिच्या गुडघ्याचं विचारा, तरुणाला त्याच्या आईच्या. कधी चुकणार नाही! ते खासदार झाले, पुन्हा झाले, मंत्रीही झाले. तुम्ही शेवटपर्यंत त्यांची पत्रकं वाटलीत. "वापरून घेतात तुम्हाला," असं मी एकदा म्हटलं, तर ताट सारून उठलात. "माणसं ओळखायला मला शिकवू नकोस." तुम्ही गेलात तेव्हा ते प्रचारात होते. आले नाहीत.

आई हल्ली माझ्याकडेच असते. तिला सांगितलं तर डोळ्यांत पाणी. "बघ, लक्षात ठेवलं त्यांनी! जेवायला बोलाव, मी पुरणपोळ्या करते." इथला हाउसआर्ट्स, म्हणजे फॅमिली डॉक्टर, तिला गुडघ्यासाठी दरवेळी पॅरासिटामॉल घ्या म्हणून परत पाठवतो, त्यामुळे चौकशीचं अप्रूप असेल. पण तेव्हा तिचा गुडघा मुळी दुखतच नव्हता, जिना धावत चढायची ती. आणि पोहे तीच परतत होती ना? तिने ऐकलं नसेल? आता मला तिचाही संशय येतो आणि तुमचाही. त्यांच्या लेखी आपण कोण होतो, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं का?

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि आईच्या हाती ते लागू द्यायचं नाही. जेवणाचं आमंत्रणही अजून दिलेलं नाही. पण एक तुम्हाला सांगते. सगळं ठाऊक असूनही, त्यांनी विचारल्यावर मी तिथेच उभी राहून सांगत बसले: उजवा दुखतो, जिना उतरताना जास्त. आणि ते ऐकताहेत, असं मला वाटत होतं.