समायोजन म्हंजी सोय

सरपंच मल्हारी भाऊजी,

वस्तीवरची शाळा मांडवगणच्या शाळेत घालायच्या ठरावावर तुम्ही शाळा समितीची अध्यक्ष म्हणून माझी सही घेतलीत. "समायोजन म्हंजी पोरांची सोय, वहिनी." मी म्हटलं, "सोय हाय तर करते की." लेकीच्या पुस्तकांवर मी वाचायला शिकले, त्यांत हा शब्द नव्हता. काल गुरुजींनी अर्थ सांगितला: शाळा बंद.

कमी पटाच्या शाळांवरून टीव्हीवर पुढारी भांडतात. आपल्याकडं कुणी भांडलंच नाही. माझी सही होती ना.

त्याच शाळेला तुमच्या भावानं दोन गुंठे दिले. आता सात पोरं उसाच्या ट्रॅक्टरांमधून तीन किलोमीटर चालणार.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. उद्या ग्रामसभेत सही मागं घेताना मोठ्यानं वाचणार आहे.

तुमच्या भावाची,
शेवंता