एकसष्ट कोऱ्या रुपयांची व्यवस्था

मी, पंढरी बुध्या वारघडे, वय वर्षे ६७, निवृत्त शिपाई, राहणार मौजे पोशेरा, तालुका मोखाडा, जिल्हा पालघर, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहितो आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण घरातल्यांचं याबाबतीत मत वेगळं आहे. मला कोणी फूस लावलेली नाही, दमदाटी केलेली नाही. उलट गेली सात वर्षं या घरात माझ्याशी कोणी धड भांडतसुद्धा नाही. गणपतीत छातीत कळ आली, तेव्हा ठरवलं की आता लिहून टाकायचं.

आधी वकिलाकडे गेलो होतो. जव्हारला जाऊन दोन तास त्याच्या बाकावर बसलो. त्याने विचारलं, "मिळकत काय काय?" घर सांगितलं, जमीन सांगितली, मग वही सांगितली. "वहीत काय आहे?" म्हटलं, एक रुपयाची नाणी, एकसष्ट. तर म्हणतो, "म्हणजे एकूण किती रुपये?" आता हे शिकल्यासवरल्या माणसाला मी काय सांगणार! तो हसला, त्याचा कारकून हसला. मी उठून आलो. कायद्याची भाषा मी तीस वर्षं बँकेत कागद इकडून तिकडे नेताना वाचली आहे, तेवढी पुरे.

हे लिहिण्याचं खरं कारण एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. माझी मुलगी प्रतिक्षा, दाभोशाला दिलेली, लग्नानंतर सात वर्षांत एकदाही या घरात आलेली नाही. कारण मी आहे. ही वही तिला द्यायची आहे. ती घेईल की नाही, मला माहीत नाही.

कलम १. राहतं घर, भिंती विटांच्या, वर पत्रा, पुढे ओटा, हे माझ्यामागे पत्नी गोजाबाई हिच्याकडे तहहयात राहील. तिच्यानंतर मुलगा करण याचं. तिला कोणी "तिकडे जाऊन राहा" असं म्हणू नये. न्हाणीवरचा पत्रा गळतो, तो मी या वर्षी नक्की बदलणार होतो. हे तिला वाचून दाखवाल तेव्हा ती हसेल. हसू दे.

कलम २. डोंगराकडची दीड एकर जमीन, नाचणी-वरईची, करण आणि प्रतिक्षा यांना निम्मी निम्मी. करणने "ताईला शेत कशाला" असं म्हणू नये. तो स्वतः भिवंडीच्या गोदामात असतो आणि पेरणीला दोन दिवस येऊन फोनवर बोलत बांधावर उभा राहतो.

कलम ३. बँकेतली शिल्लक आणि निवृत्तिवेतनापैकी कायद्याने जे मिळेल ते गोजाबाईचं. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

कलम ४. हत्यारं. कोयता, कुदळ, पहार, दोन विळे आणि पाण्याचा पंप करणला. माझा धाकटा भाऊ नवशा याला काही नाही. त्याला कारण हवं असेल तर देतो. दोन हजार बारा साली त्याच्या दाराच्या बिजागरीला वायसर मिळेना. मी घरात नव्हतो. त्याने माझ्या फळीवरून एक नाणं उचललं, खिळ्याने मधोमध भोक पाडलं आणि बोल्टखाली बसवलं. ते अंगठ्याचं चित्र असलेलं नाणं होतं, मुंबईच्या टांकसाळीचं, एक ओरखडा नसलेलं. मी बोललो तर म्हणाला, "दादा, वायसर दोन रुपयाला मिळतो, हा एकातच भागला." आजही ते त्याच्या दारात आहे. मी त्याच्या घरी गेलो की तिकडे बघत नाही. बघितलं की जेवण जात नाही.

कलम ५. आता वही. कोणाला वाटेल म्हातारा नाण्यांचा लोभी आहे, म्हणून नीट लिहितो.

बँकेत नव्या नाण्यांच्या पिशव्या यायच्या. तोंड शिवलेलं असायचं. ते उसवायचं काम माझं. पहिल्यांदा उसवली तेव्हा आत इतकी झळझळ होती की मी हात घालायला घाबरलो. ज्याला अजून कोणाचाच हात लागलेला नाही, ना कंडक्टरचा, ना भाजीवालीचा, असा पैसा मी जन्मात बघितला नव्हता. आमच्या घरात पैसा यायचा तो गुळगुळीत होऊनच यायचा. माझा बाप मजुरीचे पैसे कनवटीला लावायचा, त्याला घामाचा वास यायचा.

तेव्हापासून मला नाद लागला. मॅनेजरसाहेबांना विचारून, माझा रुपया टाकायचा आणि पिशवीतला एक घ्यायचा. पण कोरा म्हणजे सगळाच कोरा नसतो. पिशवीतच नाणी एकमेकांवर आपटतात, कडा मारतात. भिंगाखाली धरलं की हजारातली एखाद-दुसरीच स्वच्छ निघतात. प्रत्येक सालातलं, प्रत्येक टांकसाळीचं एक, असं मी जमवत गेलो. मुंबईचं असेल तर सालाखाली चौकट, हैदराबादला तारा, नोएडाला टिंब, कोलकात्याला काहीच नाही. सुती हातमोजे घालून, कडेला धरून कप्प्यात सरकवायचं. आपल्याकडची हवा दमट, म्हणून चपलेच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात ना, त्या मी जव्हारच्या चप्पलवाल्याकडून मागून आणायचो. त्यालाही वाटायचं मी वेडा आहे.

कोणालाही दाखवावं तर पहिलं काय करणार? बोटाने चोळून बघणार. अरे बाबांनो, चोळू नका! इतकी वर्षं हे एक वाक्य बोललो मी या गावात. एकालाही ते कळलं नाही.

कलम ६. या वहीचं घरच्यांनी काय काय केलं ते नोंदवून ठेवतो, म्हणजे अटी घालायची सवय मला का लागली ते समजेल.

एका धनत्रयोदशीला गोजाबाईने नऊ नाणी काढून चिंच आणि राख लावून घासली, पूजेत मांडली आणि मला हाक मारली, "बघा, कशी लख्ख केली!" ती खूश होती. मी दोन दिवस जेवलो नाही. ती म्हणाली, "देवासमोर मळके पैसे मांडू का?" मळके! त्या नाण्यांवर मळ नव्हताच, ती घासल्यावर ओरखडे मात्र आले. त्या नऊच्या जागी दुसरी मिळवायला मला चार वर्षं लागली.

करणने फोनवर कुठलातरी व्हिडिओ बघितला की जुनी नाणी लाखात जातात. मला न विचारता वहीचे फोटो टाकले. समोरून एक साहेब बोलला, "नोंदणी फी भरा." याने एकवीसशे भरले. साहेबाचा फोन बंद. मग मलाच म्हणतो, "बाबा, टेन्शन मत लो, नाणी तर आपल्याकडेच आहेत ना." त्याला मी माफ केलं आहे, पण भिंग त्याला देत नाही.

कलम ७. प्रतिक्षाची हकीकत. हे कलम तीन वेळा लिहून फाडलं. ही चौथी वेळ.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी, दोन हजार अठराच्या वैशाखात तिचं लग्न झालं. वरात निघायच्या वेळी गोजाबाईने तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, सुपारी, हळकुंड आणि रुपया. सुट्टा रुपया सापडेना, म्हणून तिने वहीतला काढला. नेमका दोन हजार नऊचा, हैदराबादचा, सालाखाली तारा असलेला. तो मला तीन वर्षांत अकरा पिशव्या उसवल्यावर मिळाला होता. मी तेव्हा मांडवात पत्रावळ्या उचलत होतो.

संध्याकाळी वही उघडली तर कप्पा रिकामा. गोजाबाई म्हणाली, "नवा कोरा होता. लेकीला नाय द्यायचा त कोणाला द्यायचा?" तिचं बरोबर होतं. मला ते तेव्हा ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप धरून दाभोशाला गेलो. तिच्या सासरी पूजा चालू होती, पाहुणे बसले होते. व्याह्यांनी पाणी दिलं, चहा दिला. सगळ्यांना वाटलं, बापाला राहवलं नाही म्हणून आला. प्रतिक्षालाही तेच वाटलं असेल, कारण ती धावत बाहेर आली होती.

मी म्हटलं, "पोरी, ओटीतला रुपया जरा दे."

ती म्हणाली, "बघायचाय?"

मी म्हटलं, "न्यायचाय. त्याच्या बदल्यात हा घे. हाही रुपयाच आहे." आणि खिशातला दुसरा रुपया काढून पुढे केला.

तीस वर्षं मी हेच करत आलो होतो. एक टाकायचा, एक घ्यायचा. माझ्या डोक्यात हिशेब चोख होता. तिची सासू म्हणाली, "ओटीत घातलेलं कोणी परत नेतं का हो?" कोणीतरी मागे हसलं. प्रतिक्षा आत गेली, पदराची गाठ सोडून रुपया घेऊन आली आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी दुसरा देऊ लागलो तर तिने हात मागे घेतला. "दोन्ही न्या, बाबा," म्हणाली. रडली नाही. मी दोन्ही घेऊन जीपमध्ये बसलो.

घरी येऊन भिंगाखाली धरला. हळदकुंकू अक्षरांत शिरलेलं, नारळाच्या शेंडीचे ओरखडे, वर तिच्या अंगठ्याचा ठसा. ज्या नाण्यासाठी मी लेकीला चारचौघांत खाली बघायला लावलं, ते माझ्या वहीच्या लायकीचं उरलेलंच नव्हतं. तरी मी ते कप्प्यात सरकवलं. दुसरं काय करणार होतो?

त्यानंतर ती दिवाळीला आली नाही, बाळंतपणाला आली नाही. तिला मुलगी आहे, सहा वर्षांची. मी तिला फोनमधल्या फोटोत बघितली आहे. गोजाबाई जाऊन येते आणि मला काही सांगत नाही. मी विचारत नाही. असा माझाच राग माझ्यावर निघतो, आणि माझ्याकडून तो घरातल्यांवर.

कलम ८. सदर वही, एकसष्ट नाण्यांसह, भिंग, हातमोजे आणि चपलेच्या खोक्यातल्या पुड्या, हे सर्व माझी मुलगी प्रतिक्षा हिला द्यावं.

इथे खाली मी चार अटी लिहिल्या होत्या. नाणी धुवू नयेत. बाजारात चालवू नयेत. पूजेत, आहेरात, ओटीत घालू नयेत. आणि वही न्यायला तिने स्वतः या घरी यावं. साक्षीदारांना वाचून दाखवत होतो. गोजाबाई ओट्यावर वाल निवडत बसली होती. तिथूनच म्हणाली, "मेल्यावर बी तिच्याकडं मागतच राहणार का?"

मी म्हटलं, "अटी आहेत त्या. कायद्यात असतात."

ती म्हणाली, "असतील." आणि वाल निवडत राहिली.

हेमराज साक्षीला बसला होता, तो खाली बघायला लागला. मला भयंकर राग आला. वाटलं कागद फाडावा. शेवटी चारही अटींवर आडव्या रेघा मारल्या. त्या मीच मारल्या, शुद्धीत मारल्या, साक्षीदारांच्या समोर मारल्या. बाजूला माझी छोटी सही आहे.

आता नाणी तिची. चिंचेने धुवो, लेकीला खेळायला देवो, वाण्याला देवो. मी चुकलो, प्रतिक्षा. मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत, पण तोंडाने म्हणायला सात वर्षं घेतली आणि जमलं नाही.

गोजाबाईने तिची ओटी पुन्हा भरावी. वहीतला तिला आवडेल तो रुपया घालावा. परत मागायला मी नसेन.

कलम ९. लाभार्थीने मिळकत नाकारली तर काय, हेही लिहावं लागतं. प्रतिक्षाने वही घ्यायला नकार दिला तर तिला कोणी समजवायला जाऊ नये, तो तिचा हक्क आहे. मग गोजाबाईने कप्पे फोडून नाणी बाहेर काढावीत. हातमोज्यांची गरज नाही. ती चालणारी नाणी आहेत, कोणी नाही म्हणू शकत नाही. दाभोशाला जाताना जीपचं भाडं त्यातून द्यावं, जेवढं भागेल तेवढं. जीपवाल्याच्या खिशात ती एकमेकांवर आपटतील, त्यांना ओरखडे पडतील. पडू देत. गोजाबाई लेकीपर्यंत पोचली म्हणजे झालं.

यापूर्वी केलेला असा दुसरा कोणताही कागद नाही. खाडाखोड फक्त कलम आठमध्ये आहे आणि ती मला मान्य आहे.

लिहून ठेवणार: पंढरी बुध्या वारघडे (सही)

साक्षीदार, दोघेही वारस नाहीत, दोघांनी मला सही करताना समोर बसून बघितलं:

१) हेमराज जिवा झुगरे, राहणार पोशेरा (सही)

२) चंदना धोंडी भोये, अंगणवाडी सेविका, राहणार पोशेरा (सही)

ठिकाण: मौजे पोशेरा, ता. मोखाडा, जि. पालघर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५