चालवील तिचा कॅमेरा

२४ सप्टेंबर
आज सासूबाईंनी पेटीतून मामंजींचा कॅमेरा काढला. घडीचा आहे. मिटला की पत्र्याचा डबा, बटण दाबलं की तोंड पुढं येतं आणि मागं काळा भाता उघडतो, बाजाच्या पेटीला असतो तसा. मामंजी याच्यावर रामकुंडावर यात्रेकरूंचे फोटो काढायचे. सासूबाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कॅमेरा हातानं चाचपत बसल्या.
सरिता लगेच म्हणे, आई, मला द्या, शोकेसमध्ये छान दिसेल. सरिता माझी धाकटी जाऊ. गंगापूर रोडला फ्लॅट घेतल्यापासून तिला सगळंच शोकेसमध्ये छान दिसतं. मी म्हटलं, मांडून ठेवायला तो काय बाहुली आहे, मी चालवीन. सगळे हसले. आमचे हेही हसले. ते लक्षात ठेवलंय.
सासूबाई म्हणाल्या, भांडू नका. सुवर्णा, माझ्या एक्क्याऐंशीच्या कार्यक्रमाला तू याच्यावर माझा सगळ्यांसंगं फोटो काढ. भिंतीवर लावण्याजोगा निघाला तर कॅमेरा तुझा. नाय निघाला तर सरिताचा.
ठरलं. मी पिठाची गिरणी चालवते. पट्टा मी चढवते, दगडाला टाकी मी लावून घेते. हा डबा काय.

२९ सप्टेंबर
निकितानं ऑनलाइन तीन रोल मागवले. पोरगी माझी आहे पण अक्कल बापाची. मला व्हिडिओ दाखवला. एक गोरा अर्धा तास इंग्रजी बोलतो आणि शेवटी एका झाडाचा फोटो काढतो. बंद करायला लावला.
मेन रोडच्या दीपक फोटोवाल्याकडून रोल भरून घेतला. एका रोलात आठच फोटो. मागं लाल काच आहे, तिच्यात आकडा दिसतो. फोटो झाला की पुढचा आकडा येईपर्यंत किल्ली फिरवायची. एवढंच. यासाठी लोक क्लास लावतात म्हणे.

३० सप्टेंबर
आठ फोटो काढले. गिरणी, बोर्ड, यांची झोप. घरी येऊन मागचं झाकण उघडून बघितलं, आले का. काही नाही. नुसती कोरी पट्टी. रोल खराब निघाला.
दीपक म्हणाला, काकू, उघडल्यावर उजेड लागला, गेलं सगळं. मी म्हटलं, न उघडता बघायचं कसं. तो म्हणे, बघायचं नसतं. असला कसला धंदा. माझ्याकडं कोणी म्हटलं का, ताई, पीठ बघायचं नसतं.
म्हणे आधी अजून एक रोल ट्रायल करा, धुऊन बघू, मग कार्यक्रमाचा काढा. मी पुरणाची कधी ट्रायल केली नाही. निघाले.

२ ऑक्टोबर, दसरा
गिरणीच्या मोटारीची पूजा केली, वजनकाट्याची केली, कॅमेऱ्याची केली. पुढून मागून पूर्ण उघडून ठेवला, देवाला आतलं दिसलं पाहिजे. त्याचा जीव सगळा भिंगात, म्हणून भिंगालाच बोट भरून हळदकुंकू लावलं. अक्षता वाहिल्या. झेंडूचं फूल.
हे म्हणाले, अगं काचेला नको लावू. मी म्हटलं, तुम्ही स्कूटरच्या लाइटला लावता ते चालतं. तो लाइट तेव्हापासून एकाच बाजूला पडतो, ती गोष्ट वेगळी.

१५ ऑक्टोबर
रोज बिनरोलाची प्रॅक्टिस. अंतर फुटात धरायचं आणि भिंगाभोवतीचा आकडा फिरवायचा. गल्लीतली चिमणाबाई दळण घेऊन आली, तिला दारात उभी केली. हलू नका म्हटलं. म्हणाली, सुवर्णा, बाजरी दळतेस का फाशी देतेस. दळण उचलून दुसऱ्या गिरणीत गेली. जाऊ दे. तिची बाजरी तशीही किडकी असते.
कुंकू वाळून घट्ट बसलंय. यांनी पुसू का विचारलं. पूजेचं कुंकू कोणी पुसतं का. यांच्या घरात काय शिकवलं देव जाणे.

२ नोव्हेंबर, रविवार
कार्यक्रम झाला. गच्चीवर मांडव. दीपकनं सकाळी नवा रोल भरून दिला. घाईत होता, कॅमेऱ्याच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. सासूबाईंना एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. मी आधीच सांगितलं, आज मोबाईल चालणार नाहीत, सगळ्यांचे परातीत जमा. एकाच फोटोला मान असतो. सरिता म्हणाली, ताई, एखादा मोबाईलवर राहू द्या की, अडीअडचणीला. मी म्हटलं, अडचण तुझ्या मनात आहे.
सगळ्यांना ओळीत बसवलं. घोटीचे पाहुणे सारखे हलतात. माझे धाकटे दीर भिकनभाऊ म्हणाले, वहिनी, हसू की नको, एकदा सांगा, जबडा दुखायला लागला. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून सगळे रडल्यासारखे. मी म्हटलं, मामंजींच्या वेळी लोक असेच दिसायचे.
आठही काढले. किल्ली फिरवायला एकदाही विसरले नाही. भात गार झाला म्हणून आचारी ओरडत होता. त्याला कला कळत नाही. मी फोटोत नाही. सगळेच फोटोत गेले तर काढायचा कोणी.

९ नोव्हेंबर
दीपककडं गेले. आठही फोटो टेबलावर मांडून बसला होता. फोटो चांगले आहेत. थोडं धुकं आहे, पण पहाटेच्या काकडआरतीला असावं तसं, पवित्र वाटतं. प्रत्येकात मात्र एक काळा ठिपका, तांदळाएवढा. एकात सरिताच्या बरोबर नाकावर. तो मला फार आवडला, तोच मोठा करायला सांगितला.
दीपकनं कॅमेरा उघडला, कापूस ओला करून भिंगावर फिरवला आणि लाल कापूस मला दाखवला. म्हणाला, काकू, हे कोणी लावलं. मग भात्यातून अक्षतेचा एक दाणा काढून तळहातावर ठेवला. म्हणाला, रोल भरताना समोरून बघितलं नाही, चूक माझी.
चूक त्याचीच. कुंकू पुसायचा अधिकार त्याला कोणी दिला. सरिताच्या ओळखीचा असणार.

१० नोव्हेंबर
फोटो सासूबाईंच्या हातात दिला. डोळ्याजवळ नेला, लांब धरला. म्हणाल्या, लय छान आलाय गं, समदे हायेत. सरिता म्हणाली, आई, यात कोणीच ओळखू येत नाही, नुसता धूर आहे. सासूबाई म्हणाल्या, तुला नसंल दिसत. मला तुम्ही समदे असेच दिसता.
सरिताचं तोंड बघण्यासारखं होतं. त्याचा फोटो काढायला हवा होता.
फोटो मामंजींच्या शेजारी लावला. कॅमेरा माझा. हे म्हणाले, सुवर्णा, जिंकलीस, आता या विषयावर कोणाशी बोलू नकोस. लोक जळतात म्हणून असेल.

१३ नोव्हेंबर
विचार केला. सासूबाईंनी असला फोटो नुसता अंदाजानं बघावा हे बरोबर नाही. बारकावे त्यांना कळलेच नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन ताबडतोब. सरिता दोन वर्षं नुसती पुढच्या महिन्यात म्हणते. डॉक्टरांकडं मीच घेऊन गेले, तारीख घेतली. हे म्हणाले, एवढी घाई कशाला, थोडं थांब. मी म्हटलं, तुमचीच आई ना. यांनी कपाळाला हात लावला. भावुक झाले असतील.

१९ नोव्हेंबर
एका डोळ्याचं झालं. सासूबाई दवाखान्यात सगळ्यांना सांगत होत्या, थोरलीनं केलं माझं, थोरलीनं. सरिता ऐकत होती. मी सफरचंद कापत होते, सावकाश.

२० नोव्हेंबर
सकाळी पट्टी निघाली. घरी आणलं. सासूबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, अगं सुवर्णा, केवढी म्हातारी झालीस, मला कोणी सांगितलंच नाय. मी म्हटलं, ते राहू द्या, भिंतीकडं बघा.
बघितलं. बराच वेळ. मग यांना म्हणाल्या, काच पूस रे. यांनी पुसली. म्हणाल्या, आतून पूस. हे म्हणाले, आई, आतून तसंच आहे.
मग म्हणाल्या, यात मी कुठली.
मी बोट लावून दाखवलं. ती भिकनभाऊंची टोपी निघाली. म्हणाल्या, एक्क्याऐंशी एकदाच होतात गं.
मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी उलट बोलले असते.
दुपारी त्यांनी सरिताला फोन करून बोलावलं. सरिता म्हणाली, ताई, कॅमेरा राहू दे तुमच्याकडेच. मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द, घेऊन जा. मिटला, पदरानं पुसला आणि दिला. मिटायला जमतं मला आता, एका हातानं.
फोटोही उतरवला, भिंतीवर खिळा तसाच आहे.
एक रोल उरलाय. फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यामागं. निकिता विचारत होती, आई, याचं काय करायचं. म्हटलं, असू दे. थंड राहतो.